अल्काराझ : प्रतिभेपासून महानतेपर्यंत

टेनिसमध्ये कोवळ्या वयातील यश महानतेची हमी देत नाही. अमेरिकेच्या मायकेल चँगने १९८९ मध्ये वयाच्या १७व्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकली. पुढे ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या आणखी तीन अंतिम लढती खेळूनही त्याला दुसरे विजेतेपद लाभले नाही. जर्मनीच्या बोरिस बेकरने त्याच वयात, १९८५ मध्ये, विम्बल्डन जिंकले आणि एकूण सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली. मात्र फ्रेंच ओपनने त्याला कायम हुलकावणी दिली. त्यामुळे खेळाडू किती लवकर जिंकला यापेक्षा तो कोणकोणत्या कोर्टवर, कोणाविरुद्ध आणि किती वर्षे जिंकत राहिला, हे निकष निर्णायक ठरतात.

स्पेनच्या कार्लोस अल्काराझने यांपैकी पहिले दोन निकष लवकर पूर्ण केले. ५ मे २००३ रोजी मुर्सियातील एल पालमार येथे जन्मलेल्या अल्काराझने २०२२ मध्ये अमेरिकन ओपन जिंकली आणि वयाच्या १९व्या वर्षी जागतिक क्रमवारीत अव्वल स्थान पटकावले. इतक्या कमी वयात हे स्थान मिळवणारा तो पहिलाच पुरुष खेळाडू ठरला. २०२३ मध्ये त्याने विम्बल्डनच्या अंतिम लढतीत नोव्हाक जोकोविचला पाच सेटमध्ये नमवले. २०२५च्या अखेरीस हार्ड कोर्ट, माती आणि हिरवळ या तिन्हींवर त्याची प्रत्येकी दोन ग्रँड स्लॅम विजेतेपदे जमा होती. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मात्र त्याला तोवर उपांत्यपूर्व फेरी ओलांडता आली नव्हती.

त्याच्या जिद्दीची कसोटी २०२५च्या फ्रेंच ओपनमध्ये लागली. इटलीच्या यानिक सिनरविरुद्ध दोन सेटने पिछाडीवर पडल्यानंतरही त्याने पुढे तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवले आणि ५ तास २९ मिनिटांची लढत जिंकली. पुढच्याच महिन्यात विम्बल्डनच्या अंतिम लढतीत सिनरने त्याला हरवले; सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपनच्या अंतिम लढतीत अल्काराझने त्याची परतफेड केली. त्या वर्षी त्याने सर्व्हिसच्या शैलीतही बदल केला होता. यश हाती असताना स्वतःच्या खेळातील उणिवा दूर करण्याची ही तयारी महत्त्वाची आहे.

उरतो तो काळाचा निकष. राफेल नदालची २२ ग्रँड स्लॅम विजेतेपदे २००५ ते २०२२, तर जोकोविचची २४ विजेतेपदे २००८ ते २०२३ या काळात विभागलेली आहेत. दुखापती, थकवा आणि नवे प्रतिस्पर्धी यांना तोंड देत दीड दशक शिखरावर टिकणे, हीच अल्काराझपुढील खरी परीक्षा आहे.