तरंगणाऱ्या विटेची छिद्रे

माठातले पाणी गार का होते, हा प्रश्न आपण दर वर्षी वर्गात विचारतो आणि 'बाष्पीभवनामुळे' हे उत्तर मिळाले की पुढे जातो. चैत्र-वैशाखात माहूरचा डोंगर चढून रेणुकेच्या दर्शनाला गेलेल्या माणसाला त्या उत्तराची गोडी अधिक कळते. दहा लिटर पाण्याच्या माठातून केवळ शंभर ग्रॅम पाणी पाझरून उडाले, तर ते सुमारे अठ्ठावन्न हजार कॅलरी उष्णता घेऊन जाते. बाहेरची उष्णता आत शिरली नाही असे धरले, तर उरलेले पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरते. पण पाणी बाहेर येते कोठून? मडक्याच्या अंगातल्या छिद्रांतून. ही छिद्रे कुंभाराने मुद्दाम ठेवलेली असतात, आणि त्यांचा इतिहास आपल्या मराठवाड्यात फार मागे जातो.

तेरणा नदीच्या काठी, धाराशिव जिल्ह्यात, तेर हे गाव आहे. ही तेरणा पुढे लातूर जिल्ह्यात मांजरेला मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाची मोठी बाजारपेठ सांगितली आहे. ते तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. येथील त्रिविक्रम आणि उत्तरेश्वर ही देवळे विटांची आहेत, आणि तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात अशी त्यांची ख्याती आहे.

यात चमत्कार काही नाही. मातीत भाताचे तूस भरपूर मिसळून वीट पाडली आणि भाजली, तर तूस जळून जाते आणि त्याच्या जागी पोकळी राहते. तुसाचा दुसराही उपयोग आहे. आपल्याकडची काळी माती वाळताना आकसते आणि तडकते. तूस मिसळले की ओल सर्व बाजूंनी सारखी निघते आणि तडे कमी जातात. कुंभार मातीत घोड्याची लीद आणि राख घालतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे हे त्यांनी पाहिले आणि त्यात नामदेव कच्चे निघाले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. भाजलेल्या मडक्याचा खणखणीत आवाज आणि कच्च्याचा बद्द आवाज हा फरक पदार्थविज्ञानाचाच आहे.

तरंगण्याचे गणित सोपे आहे. भाजलेल्या मातीच्या घन भागाची घनता २.६ च्या आसपास असते. संपूर्ण विटेची घनता १ च्या खाली आणायची, तर तिच्यात ६१ टक्क्यांहून थोडी अधिक पोकळी हवी. म्हणजे वीट निम्म्याहून अधिक हवाच! तेलंगणातील पालमपेटच्या रामप्पा देवळाच्या (१२१३) शिखरातही अशा हलक्या विटा आहेत. पायावरचा भार कमी करणे हा त्यांचा हेतू. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसनेही आशिया मायनर आणि स्पेनमधल्या तरंगणाऱ्या विटांचा उल्लेख केला आहे. १७९१ साली जिओवानी फाब्रोनी या इटालियन विद्वानाने तशा विटा पुन्हा करून दाखवल्या. त्यांत तूस नव्हते; डायटम या सूक्ष्म शैवालांच्या सिलिकामय कवचांची माती होती. इथे पोकळी जळून तयार झालेली नाही, कवचांतच जन्मतः आहे.

याच मातीने पुढे वेगळे काम केले. पाश्चरच्या प्रयोगशाळेतील शँबरलाँ याने १८८४ साली न चकाकवलेल्या चिनीमातीची 'मेणबत्ती' करून पाण्यातले जिवाणू गाळले. काही वर्षांनी जर्मनीत बर्केफेल्ड याने डायटमच्या मातीची मेणबत्ती आणली. आणि १८९२ साली इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस शँबरलाँच्या गाळणीतून गाळला, तेव्हा गाळलेला रसही रोग पसरवू लागला. जिवाणूंहून लहान असे काही आहे, याचा तो पहिला पुरावा. विषाणूंचे शास्त्र मातीच्या छिद्रांतून गळून बाहेर आले, असे म्हणायला हरकत नाही.

तंबाखूचा आणि सच्छिद्र मातीचा संबंध तेथे संपला नाही. २००३ च्या सुमारास चीनमध्ये होन लिक याने केलेल्या विजेच्या सिगारेटमध्ये निकोटीनचे द्रावण तापवून त्याची वाफ ओढतात. द्रावण तापणाऱ्या तारेपर्यंत नेण्यासाठी आधी कापसाची किंवा काचतंतूंची वात असे. पुढे तिची जागा सच्छिद्र सिरॅमिकने घेतली. अॅल्युमिना, सिलिका किंवा डायटमची माती यांत स्टार्च, लाकडाचा भुसा किंवा प्लास्टिकचे बारीक मणी मिसळतात आणि भाजतात. हे आपले तूसच, फक्त चाळून एकसारखे केलेले. भारतात या सिगारेटींचे उत्पादन, आयात आणि विक्री यांवर २०१९ साली बंदी आली, आणि ती योग्यच झाली असे मला वाटते. पण त्यातले मातीचे कोडे शिकण्यासारखे आहे.

छिद्र जितके बारीक, तितके केशाकर्षण जोरदार. एक शतांश मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी तत्त्वतः जवळजवळ दीड मीटर चढेल. पण बारीक छिद्रांत चिकट द्रावणाला विरोधही फार होतो. ते वेळेवर पोचले नाही, तर माती कोरडी पडते आणि उरलेले द्रावण करपते. छिद्रे मोठी ठेवली तर द्रावण गळते. पोकळी वाढवली तर तुकडा ठिसूळ होतो. म्हणून सारे कौशल्य मधला मार्ग काढण्यात आहे.

शिवाय छिद्रे एकमेकांना जोडलेली हवीत. तरंगणाऱ्या विटेला नेमके उलटे हवे: बंद छिद्रे जितकी जास्त, तितकी ती अधिक वेळ तरंगते, उघडी असली की हळूहळू पाणी पिऊन बुडते.

विद्यार्थ्यांकडून हा फरक मोजून घेता येतो. कोरडी वीट तोला, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. समजा, ३ किलोची वीट साडेतीन किलो झाली आणि तिचे घनफळ १,९०० घन सेंटिमीटर आहे. आत शिरलेले ५०० घन सेंटिमीटर पाणी म्हणजे उघडी छिद्रे, सुमारे २६ टक्के. घन भाग ३,००० भागिले २.६, म्हणजे सुमारे १,१५४. उरलेली एकूण पोकळी ३९ टक्के. मधले १३ टक्के कोठे गेले, हे त्यांनाच विचारावे. वीट पाण्यात सोडताना सुटणारे बुडबुडे मात्र पाहायला सांगावेत.