सुरतेचे महाराज आणि 1862 चा अब्रुनुकसानीचा खटला

सार्वजनिक सत्ता गाजवणाऱ्या व्यक्तीवर वृत्तपत्राने केलेल्या आरोपांची न्यायालयात कसून छाननी होण्याचे पश्चिम भारतातील आरंभीचे सर्वांत गाजलेले उदाहरण सुरतेच्या गादीशी निगडित आहे. यदुनाथजी ब्रजरतनजी महाराज हे पुष्टिमार्गाचे, म्हणजे वल्लभ संप्रदायाचे, वंशपरंपरागत आचार्य होते. ते सरकारी अंमलदार नव्हते, तरी भाटिया आणि वाणी व्यापाऱ्यांवरील त्यांचा अधिकार कोणत्याही अंमलदाराहून मोठा होता. ते मुंबईस आले असता, त्याच संप्रदायात वाढलेल्या करसनदास मुळजी यांनी 21 ऑक्टोबर 1860 च्या ‘सत्यप्रकाश’ या आपल्या गुजराती पत्रात, महाराज मंडळी भाविकांच्या स्त्रियांना भ्रष्ट करतात, असा उघड आरोप केला. यदुनाथजींनी 1861 मध्ये करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना यांच्यावर 50,000 रुपयांचा दावा लावला.

छापलेला मजकूर खरा आहे, हाच प्रतिवादींचा मुख्य बचाव होता. अशा बचावात पुराव्याचा सारा भार छापणाऱ्यावर पडतो आणि जातीच्या धाकाने साक्षीदार गप्प बसले तर खरी बाजूही हरते. तो धाक काल्पनिक नव्हता. महाराजांविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून संगनमत करणाऱ्या भाटिया पुढाऱ्यांना न्यायालयाने दंड केला. तरीही सुरतेचेच कवी नर्मद साक्षीस उभे राहिले आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वैद्यकीय साक्ष दिली. भाऊ दाजींचे हे धैर्य त्यांच्या प्राच्यविद्या संशोधनाइतकेच मोलाचे मानले पाहिजे.

22 एप्रिल 1862 रोजी मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने आरोप सिद्ध झाल्याचे मान्य करून करसनदासांना खर्चापोटी 11,500 रुपये देवविले. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी तर, पत्रकार हा लोकशिक्षक असल्यामुळे असा अनाचार उघड करणे हे त्याचे कर्तव्यच ठरते, अशी भूमिका घेतली.

तथापि हे संरक्षण पुराव्याएवढेच टिकाऊ होते. 1882 मध्ये कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावरील आरोपांचा आधार असलेली पत्रे बनावट ठरली आणि ते आरोप छापणाऱ्या टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. पुढे 1994 मध्ये, राजगोपाल खटल्यात, अधिकाऱ्याच्या सरकारी कामाविषयीचा मजकूर चुकीचा निघाला तरी प्रकाशकाने वाजवी पडताळणी केली असल्यास भरपाई देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. ही मुभा भरपाईच्या दाव्यांपुरती आहे. टिळक-आगरकर ज्याखाली तुरुंगात गेले तो अब्रुनुकसानीचा फौजदारी गुन्हा भारतीय कायद्यात आजही कायम आहे.