सुपारी कुठली, हे पाणी सांगते, पण…

"डॉक्टर, ही बाजारातली नाही, आपल्या वाडीतली रोठा आहे. हिने काय होणार?" तोंड नीट उघडत नाही म्हणून आलेला रुग्ण श्रीवर्धनात हमखास असे म्हणतो. यात दोन प्रश्न आहेत. सुपारी खरोखर इथलीच, हे ओळखता येते का? आणि इथली असली म्हणून ती निर्धोक ठरते का?

पहिल्याचे उत्तर पाण्यात आहे. पाण्यातल्या ऑक्सिजनच्या साधारण ५०० अणूंमागे एक अणू जड असतो. हा प्रकार १९२९ साली सापडला. १९३१ साली अमेरिकेत हॅरोल्ड युरी यांनी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, शोधला आणि १९३४ चे नोबेल मिळवले. अशा अणूंना समस्थानिक म्हणतात. हे दोन्ही किरणोत्सारी नाहीत. आपल्या रोजच्या पाण्यात ते असतातच.

समुद्रावरून आलेला ढग बरसू लागला की जड पाणी आधी गळते. म्हणून समुद्रापासून दूर, उंचावर किंवा थंड प्रदेशात पडणारा पाऊस सहसा 'हलका' असतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी जगभरच्या पावसाचे नमुने तपासले. त्यांत मुंबई आणि दिल्लीचा पाऊसही होता.

झाड हेच पाणी मुळांनी ओढते. फळाचा रस त्यातूनच बनतो. युरोपात १९९० च्या दशकात वाइनच्या अधिकृत तपासणीत ही पद्धत आली. द्राक्षातून बाष्प उडताना हलके पाणी आधी जाते आणि रस जड होतो. नंतर कोणी नळाचे पाणी मिसळले तर फरक लगेच दिसतो. सुपारी वाळली तरी तिच्या धाग्यांत बांधले गेलेले अणू राहतात, त्यामुळे तीही तपासता येते.

मर्यादा आहेतच. एकाच किनाऱ्यावरच्या शेजारच्या गावांचा पाऊस जवळपास सारखाच. म्हणून मातीतल्या इतर मूलद्रव्यांची जोड लागते, शिवाय खात्रीच्या नमुन्यांचा साठाही हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या वाड्या भुईसपाट केल्या. नवे झाड धरायला पाच-सात वर्षे लागतात. अशा काळात दुसरीकडचा माल आपल्या नावाने खपला, तर बागायतदाराचे दुहेरी नुकसान. त्याला असा पुरावा उपयोगी पडेल.

आता दुसरा प्रश्न. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातील भारतीय स्त्रियांत तोंडाची आतली त्वचा ताठर झाल्याचे नोंदवले. पुढच्याच वर्षी भारतात जोशी यांनी या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हटले. पुढे याचा संबंध सुपारीशी असल्याचे स्पष्ट झाले. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक ठरवले. यातले अरेकोलिन रोठ्यातही असते आणि परगावच्या सुपारीतही.

म्हणजे पाणी सुपारीचे गाव सांगेल, पण तिचा दोष धुऊन काढणार नाही. सुपारी पूजेत ठेवा, विका, तोंडात मात्र नको. तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तिखटाने आग होत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर वाट न पाहता तपासून घ्या.