पोट उघडलंच आहे तर… : एका जोड-शस्त्रक्रियेचा इतिहास

‘पिशवी काढायचीच आहे, तर त्याच वेळी पोटाचंही करून घेऊ का?’ प्रश्न अगदी व्यवहारी आहे. एकदाच भूल, एकदाच हॉस्पिटल, एकदाच रजा. गर्भाशय काढण्याच्या किंवा तशाच एखाद्या स्त्रीरोग-शस्त्रक्रियेसोबत पोटावरची सैल त्वचा आणि चरबीही काढून टाकायची, म्हणजे ज्याला टमी टक किंवा अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी म्हणतात तेही उरकून घ्यायचं. संशोधनाच्या भाषेत याचा प्रश्न होतो : दोन्ही एकत्र करणं सुरक्षित आहे का? शल्यचिकित्सकांनी आपापल्या केसेस मोजून याची उत्तरं दिलीत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. का जुळत नाहीत, ते आज बघू. (मी डॉक्टर नाही. हा लेख पद्धतीबद्दल आहे, सल्ला म्हणून वाचू नका.)

सुरुवात बाल्टिमोरपासून करायला हवी. जॉन्स हॉपकिन्समध्ये स्त्रीरोगशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते हॉवर्ड केली. ऑस्लर, हॉलस्टेड, वेल्च आणि केली, असे तिथले प्रसिद्ध चार डॉक्टर. त्यातल्या या केलींनी १८९९ मध्ये एका अतिशय स्थूल बाईच्या पोटावरची लोंबणारी त्वचा आणि चरबी आडवा छेद घेऊन काढली. काढलेला भाग सुमारे सात किलोचा होता. त्याआधी १८९० मध्ये फ्रान्समध्ये डेमार्स आणि मार्क्स यांनी अशी शस्त्रक्रिया केल्याचा उल्लेख मिळतो, पण अमेरिकेतला मान केलींकडे जातो.

मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो केलींच्या लेखाचा मथळा. तो आहे स्त्रीरोगाच्या केसेसचा अहवाल, आणि पुढे कंसात ‘चरबीची अतिरिक्त वाढ’. म्हणजे आज जी शस्त्रक्रिया कॉस्मेटिक सर्जनच्या पाटीवर दिसते, तिची नोंद तेव्हा स्त्रीरोगाच्या खात्यावर झाली. सौंदर्याचा प्रश्न तिथे मुख्य नव्हता, त्या वजनाखाली जगणं हाच त्रास होता. १९१० मध्ये केलींनी याच विषयावर पुन्हा लिहिलं, ते ज्या नियतकालिकात, त्याचं नावच होतं ‘सर्जरी, गायनेकॉलॉजी अँड ऑब्स्टेट्रिक्स’. सगळं एकाच छपराखाली! तेव्हा ‘दोन विषयांच्या शस्त्रक्रिया एकत्र कराव्यात का’ हा प्रश्न कुणाला फारसा सुचलाच नसता, कारण दोन विषय अजून नीट वेगळे झालेले नव्हते.

दरम्यान १९०० मध्ये ब्रेस्लाऊच्या (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) हेर्मान फानेनश्टील यांनी ओटीपोटाच्या तळाशी, केसांच्या रेषेजवळ आडवा छेद घेण्याची पद्धत मांडली. आज सिझेरियनचा व्रण जिथे असतो, तीच ही जागा. पुढे टमी टकचा छेदही खाली सरकत सरकत त्याच भागात आला. १९५७ मध्ये व्हर्नन यांनी बेंबी सोडवून नव्या जागी बसवण्याची पद्धत लिहिली, १९६७ मध्ये रिओ दि जानेरोच्या इव्हो पितांगी यांनी सलग ३०० केसेस मांडल्या. म्हणजे दोन्ही शस्त्रक्रियांची वाट त्वचेवर जवळपास एकच झाली, पण तोवर त्या करणारे लोक वेगळे झाले होते. अमेरिकेत स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राचं बोर्ड १९३० चं, प्लास्टिक सर्जरीचं १९३७ चं. एकाच टेबलावर दोन टीम आणायच्या, तर आता कारण द्यावं लागणार होतं.

कारण सोपं होतं : सोय. आणि भीतीही खरी होती : रक्ताची गुठळी.

ही भीती कुठून येते ते थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे. पायातल्या किंवा ओटीपोटातल्या शिरेत गुठळी तयार होते, सुटते आणि फुफ्फुसात जाऊन अडकते. क्वचित घडतं, पण जीव जाऊ शकतो. विरशॉ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं त्रिकूट तुम्ही बारावीनंतर कुठेतरी वाचलं असेल : रक्तप्रवाह मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा आणि रक्त गोठण्याकडे कल. टमी टकमध्ये पोटाचे सैल पडलेले स्नायू टाके घालून आवळतात, त्याने पोटातला दाब वाढतो आणि पायांकडून परतणारं रक्त मंदावू शकतं. टाक्यांवर ताण नको म्हणून पेशंट काही दिवस वाकूनच असते. त्यात ओटीपोटातली शस्त्रक्रिया जोडली की तिथल्या शिरांजवळही हात लागतो, शिवाय भुलेचा वेळ वाढतो. कागदावर तरी धोका वाढायला हवा.

आता आकडे. १९७७ मध्ये ग्रेझर आणि गोल्डविन यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. ९५८ सर्जननी कळवलेल्या १०,४९० अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी, त्यांत फुफ्फुसात गुठळी ०.८ टक्के, मृत्यू १७. म्हणजे साधारण ६१७ मागे एक. इच्छेने करून घेतलेल्या शस्त्रक्रियेसाठी हा आकडा लहान म्हणवत नाही. पाहणी सर्जनांच्या स्वतःच्या उत्तरांवर उभी होती, तेव्हा विसरलेलं आणि न कळवलेलं त्यात नाही हे धरूनच ती वाचायची.

मग १९८६ मध्ये व्हॉस, शार्प आणि स्कॉट या स्त्रीरोगाच्या बाजूच्या लेखकांनी लिहिलं की दोन्ही एकत्र केलेल्या स्त्रियांमध्ये फुफ्फुसातल्या गुठळ्यांचं प्रमाण जास्त निघालं. १९८९ मध्ये हेस्टर आणि सहकाऱ्यांनी ५६३ अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टींच्या नोंदी तपासल्या. शीर्षकातच विचारलं होतं, एकत्र करणं सुरक्षित की पश्चात्तापाचं? त्यांनी बोट दाखवलं ते मुख्यतः लठ्ठपणाकडे. म्हणजे एकाच दशकात एक म्हणतो जोडणं धोक्याचं, दुसरा म्हणतो अहो, कुणाला जोडताय ते बघा.

इथे थांबून एक गणित करा, वहीत खरंच करा. समजा खरा धोका ०.८ टक्केच आहे आणि एका सर्जनने १०० केसेस केल्या. एकाही पेशंटला गुठळी न होण्याची शक्यता किती? ०.९९२ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ४५ टक्के. जवळपास निम्म्या सर्जनांना शंभर केसेसमध्ये काहीच वाईट दिसणार नाही! ते प्रामाणिकपणे लिहितील, ‘आमच्याकडे एकही गुंतागुंत नाही’, आणि त्यातले काही लेख छापूनही येतील. हॅनली आणि लिपमन-हँड यांनी १९८३ मध्ये ‘जामा’मध्ये यावरच लिहिलं. त्यांचा ‘तीनचा नियम’ पाठ करून ठेवा : न पैकी शून्य घटना दिसल्या, तर खरा धोका ३ भागिले न इतका असू शकतो. शंभरात शून्य म्हणजे ३ टक्क्यांपर्यंत काहीही. हा नियम माहीत नसताना मी कितीतरी पेपर ‘सुरक्षित सिद्ध झालं’ म्हणून वाचले असतील.

पण माझ्या मते खरी अडचण आकड्यांच्याही आधीची आहे, तुलना कशाशी करायची ही. दोन स्त्रियांचा विचार करा. पहिलीला गर्भाशयाचा त्रास आहे, आणि सुटलेल्या पोटाखाली त्वचा सतत चिघळते म्हणून पोटाची शस्त्रक्रियाही होणारच आहे, आज नाही तर सहा महिन्यांनी. तिच्यासाठी एकत्र शस्त्रक्रियेची तुलना दोन वेगळ्या शस्त्रक्रियांच्या बेरजेशी व्हायला हवी : दोनदा भूल, दोनदा अंथरुण, दोनदा गुठळीचा धोका. दुसरीला फक्त गर्भाशय काढायचं आहे आणि ‘उघडलंच आहे तर’ म्हणून पोटाचं सुचवलं गेलं. तिची तुलना एकट्या हिस्टरेक्टॉमीशी, आणि तिच्यासाठी वरचा सगळा धोका जादाचा. एकच डेटा, दोन बरोबर उत्तरं. व्हॉस आणि हेस्टर यांचे निष्कर्ष मला म्हणूनच सरळ उलट वाटत नाहीत, त्यांचे प्रश्नच थोडे वेगळे आहेत. ‘एकत्र गट विरुद्ध एकच शस्त्रक्रिया’ असा तक्ता दिसला की आधी विचारा, हा तक्ता या दोघींपैकी कुणासाठी आहे?

त्यात निवडीचा गुंता. एकत्र शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रिया चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नसतात. कुठे सर्जन मुद्दाम तब्येतीने चांगल्या पेशंटच घेतो, मग एकत्र गट सुरक्षित दिसतो. कुठे पोट सुटलेल्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियाच या गटात जास्त येतात, मग तो धोकादायक दिसतो.

मग चिठ्ठ्या टाकूनच करा की अभ्यास, असं कुणी म्हणेल. हिशोब मांडू. धोका ०.८ वरून दुप्पट, १.६ टक्के होतो का हे ८० टक्के पॉवरने ओळखायचं, तर नेहमीच्या ढोबळ सूत्राने प्रत्येक गटात सुमारे ३,००० स्त्रिया लागतात. दोन्ही मिळून ६,०००, आणि त्यातल्या प्रत्येकीने नाणेफेकीवर आपलं पोट सोपवायला हो म्हणायला हवं. हेस्टर यांच्याकडे एकूण ५६३ होत्या, केलींकडे एक.