वाणसामानाची बांधणी: पुडीपासून पिशवीबंदीपर्यंत

महाराष्ट्रातल्या किराणा-भुसार दुकानांत विसाव्या शतकात बराच काळ बहुतेक माल सुटा विकला जाई. तो घरी न्यायला भांडे आणणे हे गिऱ्हाइकाचे काम होते. तेलाला किटली किंवा बाटली, तुपाला डबा, धान्याला कापडी पिशवी आणि रॉकेलला पत्र्याचा डबा घेऊनच माणूस दुकानाची पायरी चढे. दुकानात माल तागाच्या पोत्यांतून येई. रिकामे झालेले पोते, म्हणजे बारदान, पुन्हा विकले जाई आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवला जाई. मालाच्या आवरणाला स्वतःची किंमत होती, म्हणून ते रस्त्यावर पडत नसे.

भांडे न लागणाऱ्या किरकोळ मालासाठी पुडी होती. दुकानदार वर्तमानपत्रांची रद्दी किलोवर विकत घेई, मापाने फाडून गठ्ठा करून ठेवी आणि चहा, साखर, हळद, हिंग त्यात बांधून देई. कागदाचा शंकू वळून वरचे तोंड आत दुमडायचे आणि टांगलेल्या रिळातला दोरा ओढून दोन फेऱ्यांत गाठ मारायची, हे हातकाम नव्या नोकराला पहिल्या काही दिवसांत शिकावे लागे. दाणे सांडू न देणारी पुडी बांधता आल्याशिवाय त्याला गल्ल्याजवळ उभे राहू देत नसत. खाकी कागदाच्या चिकटवलेल्या पिशव्या घरोघरी बायका करून देत आणि त्यातून संसाराला हातभार लागे. घरोघर रतीबाने येणारी फुलपुडी पानात बांधलेली असे. पळसाच्या आणि केळीच्या पानांचा असा वापर बाजारात सर्रास होता. ही व्यवस्था पर्यावरणाच्या विचारातून आलेली नव्हती. ती काटकसरीतून आली होती, आणि म्हणूनच ती इतकी टिकली.

पॉलिथीन महाराष्ट्रात दुकानांत दिसू लागले त्याआधीच कारखान्यांत आले होते. १९६० च्या दशकात ट्रॉम्बेत युनियन कार्बाइड आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिल यांचे पेट्रोरसायन प्रकल्प उभे राहिले. देशातल्या या उद्योगाची सुरुवातीची मोठी केंद्रे मुंबईच्या खाडीलगत होती. सुरुवातीचे प्लास्टिक टिकाऊ वस्तूंचे होते. बाजाराला नेली जाणारी रंगीत वायरची विणलेली पिशवी प्लास्टिकचीच असे, पण ती वर्षानुवर्षे वापरली जाई आणि तुटलेली मूठ पुन्हा विणून घेतली जाई. एकदाच वापरून टाकायची पिशवी नंतर आली. स्टेन गुस्ताफ थुलिन या स्वीडिश अभियंत्याने सेलोप्लास्ट कंपनीसाठी आखलेल्या, एकाच नळीतून कापून दोन कान काढलेल्या पिशवीला १९६५ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. तिचा आकार बाळाच्या अंगड्यासारखा असल्याने इकडच्या व्यापारात ती ‘झबला पिशवी’ झाली. विदर्भात पातळ प्लास्टिकला ‘पन्नी’ म्हणतात.

दुकानदाराने झबला पिशवी इतक्या लवकर का स्वीकारली, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कायदे कळत नाहीत. पावसाळ्यात कागद भिजतो आणि कोकणात तर चार महिने भिजलेलाच राहतो. ओली भाजी, मासळी, दही, गूळ यांना कागद पुरत नाही. पुडीला लागणारा वेळ गर्दीच्या दुकानात महाग पडतो. शिवाय या पिशव्या दुकानदाराला वजनावर मिळत, त्यामुळे पिशवी जितकी पातळ तितके किलोमागे नग जास्त आणि नगामागे खर्च कमी. पिशवी फुकट देणे परवडू लागले, शेजारचा देतो म्हणून सगळेच देऊ लागले आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येऊ लागले. भांडे पुरवण्याची जबाबदारी कोणत्याही आदेशाशिवाय दुकानदाराकडे सरकली. पुढचे सगळे नियम या सरकलेल्या जबाबदारीशी झगडत आले आहेत.

पहिले नियम जाडीचे होते. केंद्र सरकारने १९९९ मध्ये पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग, ठरवली. २००३ मध्ये ८ इंच बाय १२ इंच या किमान आकाराची भर पडली. त्यामागचा तर्क रास्त होता. अतिपातळ पिशव्यांचा किलो भरायला शेकडो पिशव्या वेचाव्या लागतात. कचरावेचकाला त्या परवडत नाहीत, म्हणून त्या गटारातच राहतात. जाड पिशवी वेचली जाईल आणि महाग असल्याने फुकट दिली जाणार नाही, अशी अपेक्षा होती. पण दुकानदाराकडे तराजू असतो, मायक्रॉन मोजायचे साधन नसते. पिशवीवर छापलेला आकडा खरा की खोटा हे त्याला हाताला लावून कळत नाही. नियम मोडणारा कारखाना दूर राही आणि दंडाची पावती बहुधा दुकानात फाडली जाई.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. नाले तुंबण्याच्या कारणांत प्लास्टिकच्या पिशव्यांवर बोट ठेवले गेले. मिठी नदीवरची अतिक्रमणे आणि जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ही कारणेही तितकीच खरी होती, पण पिशवी डोळ्यांना दिसत होती. राज्याने २००६ मध्ये विघटन न होणाऱ्या कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला आणि किमान जाडी ५० मायक्रॉनवर नेली. असा कायदा गोव्यात १९९६ पासून होता. केंद्राने ५० मायक्रॉनची मर्यादा २०१६ मध्ये घातली. त्याआधी २०११ च्या केंद्रीय नियमांनी दुकानदाराने पिशवी फुकट देऊ नये असे सांगितले होते. दुकानाच्या रोजच्या व्यवहाराला हात घालणारी ही तरतूद जाडीच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची होती, पण तिची अंमलबजावणी मॉल आणि मोठ्या दुकानांपलीकडे फारशी पोहोचली नाही.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्राने जाडीचा वाद बाजूला ठेवला. मूठ असो वा नसो, प्लास्टिकच्या पिशवीवरच बंदी आली. थर्माकोलची ताटे आणि एकदा वापरायचे पेले, चमचेही त्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. साठा संपवण्याची मुदत सरल्यावर २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व तीन महिने कैद अशी चढती शिक्षा होती. ५ हजार ही रक्कम मोठ्या दुकानाला किरकोळ आणि टोपली घेऊन बसणाऱ्या भाजीवालीला कित्येक दिवसांची कमाई. एकाच मापाने दोघांना मोजणे हा या नियमाचा खरा दोष होता. सुटे वाणसामान बांधायचे कशात, हा प्रश्न किराणा व्यापाऱ्यांनी लगेच उभा केला. जूनअखेर त्यांना ५० मायक्रॉनहून जाड प्लास्टिकमध्ये माल बांधण्याची सशर्त मुभा मिळाली. दुधाच्या पिशवीला किमान ५० पैसे देऊन ती परत घेण्याची योजना होती. औषधांची वेष्टने बंदीतून वगळली होती.

केंद्राने १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि कान कोरायच्या प्लास्टिक काड्या यांवर देशभर बंदी घातली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन केली. इथे महाराष्ट्रातल्या दुकानदाराची गल्लत होते. घाऊक विक्रेता १२० मायक्रॉनचा शिक्का दाखवून पिशव्या विकतो. पण केंद्राची मर्यादा राज्याच्या बंदीला शिथिल करत नाही. दोन नियमांत जो कडक, तो पाळावा लागतो. न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशवीला राज्याने २०२२ च्या डिसेंबरात सवलत दिली, ती चौरस मीटरला ६० ग्रॅमहून जड असेल तरच. ही अट मात्र दुकानातल्या तराजूवर आणि मोजपट्टीने पडताळता येते.

जुन्या रद्दीच्या पुडीकडे परत जाण्याचा रस्ताही अर्धा बंद आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली आहे, कारण शाईतली रसायने अन्नात उतरतात. वडापाव, भजी, फरसाण यांना कोरा, अन्नासाठीचा कागदच लागतो. त्यामुळे नियम पाळणाऱ्या दुकानात आज तीन गोष्टी दिसतात: कोरड्या मालाला कोऱ्या खाकी कागदाची पिशवी, विसरलेल्या गिऱ्हाइकासाठी किंमत लावलेली कापडी पिशवी, आणि तेल-तूप-दह्यासाठी घरचा डबा आणणाऱ्याला डब्याचे वजन आधी वजा करून दिलेला माल. कंपनीने आधीच बंद केलेल्या पुड्यांचे प्लास्टिक गोळा करण्याची जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडच्या मालकावर आहे. ती दुकानदारावर येत नाही.