मेंदूचा हादरा : पूर्वीच्या शिरोघातांचा परिणाम

डोक्यावर अथवा धडावर बसलेल्या धक्क्याने कवटीच्या आत मेंदू हेलकावून त्याच्या कार्यात जो तात्कालिक व्यत्यय येतो, व ज्यास वैद्यकव्यवहारात कन्कशन म्हणतात, त्यातून प्रौढ रुग्ण बहुधा दोन आठवड्यांत सावरतो. परंतु ज्याच्या खाती असे आघात पूर्वीच जमा आहेत, त्याची प्रकृती पूर्वपदावर येण्यास पुष्कळदा विलंब लागतो. अमेरिकेतील २,९०५ महाविद्यालयीन फुटबॉलपटूंच्या (हा फुटबॉल पायाने खेळण्यापेक्षा अंगावर धडकण्याचाच अधिक!) २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पूर्वी तीन वा अधिक हादरे बसलेल्यांस नव्याने हादरा बसण्याचा संभव सुमारे तिप्पट आढळला, आणि लक्षणे आठवड्याहून अधिक काळ रेंगाळण्याचे प्रमाण, पूर्वी एकच हादरा बसलेल्यांत १४.६ टक्के, तर तीन वा अधिक हादरे बसलेल्यांत ३० टक्के भरले. त्याच हंगामात पुनश्च हादरा बसलेल्या १२ प्रसंगांपैकी ११ पहिल्या हादऱ्यानंतरच्या १० दिवसांतील होते.

याची उपपत्ती अशी की, आघातासरशी मज्जापेशींतील पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, आणि हा तोल सावरण्यास ग्लुकोजची गरज वाढत असतानाच रक्तपुरवठा मंदावतो. या ओढगस्तीच्या काळात बसलेला दुसरा धक्का पेशींस विशेष जाचतो. मात्र पूर्वेतिहास हा एकमेव निकष नव्हे. आरंभीच्या लक्षणांची तीव्रता हे विलंबाचे अधिक भरवशाचे गमक ठरले आहे. शिवाय संघातून वगळले जाण्याच्या धास्तीने खेळाडू जुने आघात दडवितात, त्यामुळे त्यांच्या तोंडी जबानीवर सर्वस्वी विसंबता येत नाही.