स्वरतंतूंचा पक्षाघात आणि गिळण्यातील अडचण : उपचारांचा ऐतिहासिक आढावा

स्वरतंतूस पक्षाघात झाला म्हणजे आवाज बसतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः स्वरयंत्राचे आद्य कार्य श्वासमार्गाचे रक्षण हे होय. गिळताना दोन्ही स्वरतंतू पुरते मिटले नाहीत, तर पाणी वा अन्नकण श्वासनलिकेत उतरतात, ठसका लागतो आणि प्रसंगी न्यूमोनिया होऊन रुग्ण दगावतो. असे असूनही या विकाराच्या उपचारांचा इतिहास दीर्घकाळ आवाजाभोवतीच फिरत राहिला.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस 'नीला' व 'मन्या' ही मर्मे वर्णिली आहेत. तेथे इजा झाल्यास मूकता, स्वरविकृती व चव न कळणे ही लक्षणे उद्भवतात, असे म्हटले आहे. गिळण्याचा उल्लेख त्यात नाही. आधुनिक काळातही निराळे घडले नाही. १८५४ मध्ये आरशांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू पाहणारा मॅन्युएल गार्सिया हा गायनशिक्षक होता, ही बाब पुरेशी सूचक आहे. १९११ मध्ये जर्मनीत ब्रुनिंग्ज यांनी निकामी स्वरतंतूत पॅराफिन टोचले. १९६२ मध्ये अरनॉल्ड यांनी टेफ्लॉन वापरले. १९७४ मध्ये जपानच्या इश्शिकी यांनी स्वरयंत्राच्या कूर्चेला खिडकी पाडून स्वरतंतू मध्यरेषेकडे ढकलण्याची शस्त्रक्रिया मांडली. हेतू स्वरसुधारणेचा होता. मात्र निरोगी तंतू त्यास येऊन भिडू लागल्याने ठसकाही कमी होई. हा लाभ जणू आनुषंगिकच!

गिळण्याच्या क्रियेला स्वतंत्र अभ्यासविषयाचे स्थान मिळाले ते १९८० च्या दशकात. जेरी लोगमन यांचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला, तर नाकावाटे दुर्बीण घालून गिळणे तपासण्याची लँगमोर यांची पद्धत १९८८ मध्ये पुढे आली. महाराष्ट्रात वाचा-उपचाराचे पदवी शिक्षण मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६६ पासूनच सुरू झाले होते; म्हणजे मनुष्यबळाचा पाया आधी घातला गेला होता.

या उपचारातील काही भाग अगदी साधा आहे. पक्षाघात झालेल्या बाजूकडे मान वळवून गिळल्यास घास सशक्त बाजूने उतरतो. पातळ पदार्थ अधिक धोक्याचे. म्हणून अनेक रुग्णांना पाणी, चहा, ताक यांऐवजी दाट पेज किंवा घट्ट वरण मानवते. अर्थात कोणास काय सोसते, हे तपासणीनंतरच ठरवावे लागते. मज्जातंतूची इजा कवटीच्या तळाशी असेल, तर घशाची संवेदनाही जाते आणि केवळ शस्त्रक्रिया पुरत नाही. मुळशी तालुक्यातील भूगावसारख्या गावातील रुग्णास दुर्बिणीच्या तपासणीसाठी पुण्याचे मोठे रुग्णालय गाठता येते. पण पुढचे प्रत्येक जेवण घरीच व्हायचे असते. त्यामुळे मान कशी वळवावी आणि पेज किती दाट असावी, हे घरातील रांधणाऱ्या व्यक्तीलाही शिकवावे लागते.